बारा तासांचा श्वास

ज्या घरांत दम्याचें माणूस आहे, त्या घराला रात्रीचे तीन वाजल्याचें घड्याळानें सांगावें लागत नाहीं. बदलापूरच्या पश्चिम भागांत सोनिवलीसारख्या वस्तींत पौष-माघाच्या थंडींत उल्हास नदीच्या बाजूनें धुकें चढतें. त्यांत अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या धुराची भर पडते. आणि पहिल्या लोकलची वेळ होण्यापूर्वींच एखाद्या खिडकींत दिवा लागतो. आंत एखादे वृद्ध गृहस्थ, नाहीं तर दहाबारा वर्षांची मुलगी, पाठीशीं उशा घेऊन, हात गुडघ्यांवर रोवून, पुढें वांकून बसलेलीं असतात. छातींतून बारीक शिटीसारखा आवाज निघत असतो. श्वास आंत घेण्यापेक्षां बाहेर टाकण्याचेच कष्ट अधिक. भोंवतीं घरचीं माणसें उभीं; कोणी पाठ चोळतो, कोणी ऊन पाणी आणतो. परंतु श्वास ही अशी चीज आहे कीं, ती दुसऱ्यानें आपल्या वांट्यांतून काढून देतां येत नाहीं.

दम्याचा जोर पहांटेच कां वाढावा? आपल्या श्वासनलिकांची रुंदी चोवीस तास सारखी नसते. पहांटे चारच्या सुमारास त्या सर्वांत अरुंद असतात. कारण त्यांना मोकळें ठेवणारे शरीरांतले नैसर्गिक रस रात्रीं ओसरलेले असतात. निरोगी माणसाला हा फरक कळतहि नाहीं. दमेकऱ्याच्या नलिका मुळांतच सुजलेल्या. त्यांना एवढा फरकहि फार होतो.

म्हणून दम्यावरील औषधांचा इतिहास हा एका अर्थीं रात्र काढण्याच्या साधनांचा इतिहास आहे. औषधानें गुण येतो कीं नाहीं, हा पहिला प्रश्न. तो गुण किती तास टिकतो, हा दुसरा, आणि अधिक अवघड. आज या दुसऱ्या प्रश्नाची हकीकत सांगावयाची आहे. तींत आपल्या उकिरड्यावरच्या धोत्र्याचा वांटा आहे, मुंबईच्या एका कारखान्याचा वांटा आहे, आणि एकदां नव्हे तर दोनदां झालेली एक मोठी चूकहि आहे.

आपल्या जुन्या वैद्यांना हा रोग चांगला परिचित होता. चरकसंहितेंत श्वासाचे पांच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. पैकीं तमकश्वासाचें वर्णन वाचतांना आपल्याच घरांतला रोगी डोळ्यांपुढें उभा राहतो. आडवें झालें कीं त्रास वाढतो, बसलें कीं बरें वाटतें; ऊन पदार्थ हवेसे होतात; ढगाळ व थंड हवेनें रोग उसळतो. या रोगाला त्यांनीं 'याप्य' म्हटलें. याप्य म्हणजे समूळ न जाणारा, परंतु उपचार चालू आहेत तोंपर्यंत ताब्यांत राहणारा. सुश्रुतसंहितेंत अशा रोग्याला दिलेली उपमा मोठी नेमकी आहे. पडावयास आलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा सांवरून धरतो, तसे उपचार या रोग्याला धरून ठेवतात. टेकू काढला कीं घर बसलेंच. टेकू 'नीट लावलेला' पाहिजे, ही अट आपण लक्षांत ठेवूं. पुढें तिच्याशींच आपणांस काम आहे.

आजच्या दम्याच्या औषधांचीं दोन मोठीं घराणीं आहेत, आणि दोहोंचेंहि मूळ वनस्पतींपाशीं पोंचतें.

पहिली वनस्पति धोत्रा. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवळांत जें फूल-फळ शंकराला वाहिलें जातें, तोच हा धोत्रा. त्याचीं वाळलेलीं पानें जाळून धूर ओढण्याची चाल हिंदुस्थानांत फार जुनी. १८०२ च्या सुमारास मद्रासकडील कंपनी सरकारचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. जेम्स अँडरसन यांच्याकडून ही युक्ति जनरल जेंट यांस कळली आणि त्यांच्यामार्फत ती इंग्लंडांत गेली. पुढें शतकाहून अधिक काळ युरोप-अमेरिकेंत धोत्र्याच्या पानांच्या 'दमा-सिगारेटी' आणि जाळावयाच्या पुडी दुकानांतून विकल्या गेल्या. धोत्र्यांतील अॅट्रोपिन हें द्रव्य श्वासनलिकांना आंवळणाऱ्या मज्जातंतूंचा हुकूम अडवितें आणि नलिका सैल होतात. परंतु तोच धोत्रा घसा कोरडा पाडतो, डोळ्यांपुढें अंधारी आणतो, भ्रम करतो, आणि मात्रा चुकली तर जीव घेतो. धुराची मात्रा मोजणार कशी? म्हणून हा प्रयोग आतां कोणीं करूं नये. त्याचा मान इतिहासांत आहे, तेवढा पुरे.

दुसरी वनस्पति आपल्या मैदानांत होत नाहीं. चीनमध्यें तिला 'मा हुआंग' म्हणतात. शास्त्रीय नांव एफेड्रा. मुंबईचे पारशी बंधु आपल्या अग्यारींत 'होम' म्हणून ज्या वाळलेल्या काड्या कुटतात, त्या याच जातीच्या, इराणकडून आणलेल्या असतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनीं १८८५ सालीं तिच्यांतून एफेड्रिन वेगळें काढलें. १९२४ सालीं चेन आणि श्मिट यांनीं पेकिंगमध्यें केलेल्या कामानें तें जगभर दम्याचें औषध म्हणून पसरलें. गोळी गिळली कीं तासभरानें आराम वाटे. पण त्यासोबत छाती धडधडे आणि झोंप उडे. दम्यानें जागायचें कीं औषधानें जागायचें, एवढीच निवड उरे.

याच घराण्यांतला थोरला पुरुष म्हणजे ॲड्रेनॅलिन. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून जोकिची ताकामिने यांनीं १९०१ च्या सुमारास तें शुद्ध स्वरूपांत मिळविलें, आणि १९०३ सालीं बुलोवा व कॅप्लन यांनीं दम्याच्या झटक्यांत त्याची सुई टोचून पाहिली. गुण विजेसारखा आला. पण वीज चमकून जाते, तसा तो जाईहि. १९४० च्या सुमारास ऑस्ट्रियन संशोधक हेरिबर्ट कोन्झेट यांनीं आयसोप्रेनॅलिन हें त्याचेंच भावंड दम्यावर उपयोगी असल्याचें दाखविलें. हें कांचेच्या नळकांड्याला रबरी फुगा जोडून, तो दाबून, तुषारांच्या रूपानें ओढीत. नळकांडें हातांतून पडलें कीं औषधहि गेलें आणि यंत्रहि.

येथें एका मुलीचें नांव घ्यावें लागतें. अमेरिकेंतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची मुलगी सूझी दम्यानें आजारी असे. केसांवर मारावयाचा सुगंधी फवारा जसा डब्यांत मिळतो, तसें माझें औषध कां मिळूं नये, असें तिनें वडिलांस विचारलें. वडिलांनीं प्रश्न हंसण्यावारी नेला नाहीं. त्यांच्या माणसांनीं अत्तराच्या कुपीची झडप घेतली, थंडावा देणाऱ्या यंत्रांत तेव्हां वापरीत तसला वायु घेतला, आणि १९५६ सालीं एका दाबासरशीं एकच मोजकी मात्रा देणारा फवारा बाजारांत आला. आपण ज्याला घरोघर 'पंप' म्हणतों, त्याचा जन्म हा असा झाला. औषध पोटांतून रक्तांत आणि रक्तांतून सर्व शरीरभर हिंडण्याऐवजीं जेथें काम आहे तेथेंच पोंचूं लागलें. त्यामुळें मात्रा कितीतरी पटींनीं कमी पुरूं लागली.

पण सोयीची वस्तु हातीं आली कीं तिचा अतिरेक होतो. १९६० नंतर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत दम्यानें मरणारांची, विशेषतः तरुण मुलांची, संख्या एकाएकीं वाढली. आयसोप्रेनॅलिनचे जोरदार फवारे तेव्हां तेथें सर्रास विकत मिळत. मूल पंप घेई, अर्धा तास बरें वाटे, पुन्हां घेई, पुन्हां बरें वाटे; आणि या बरें वाटण्याच्या भरंवशावर घरचे लोक डॉक्टरला बोलावीत नसत. आंत नलिका सुजून, चिकट कफानें बुजून जात. शेवटीं असा एक दाब येई कीं, त्यानें कांहींच होत नसे. १९६७-६८ च्या सुमारास डॉक्टरांना इशारे देण्यांत आले, विक्रीवर बंधनें आलीं, आणि मृत्यूंचा आंकडा उतरला. त्या मृत्यूंत औषधाच्या विषारीपणाचा भाग किती आणि खोट्या भरंवशाचा किती, यावर विद्वानांत पुढें पुष्कळ वाद झाला. पण बरें वाटणें आणि बरें होणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढें त्या वेळीं जगाला पहिल्यांदा कळलें. कळलें खरें, परंतु तें टिकलें नाहीं.

आतां लंडनच्या उत्तरेस वेअर नांवाच्या गांवीं चलूं. तेथील ॲलन अँड हॅनबरीज या कंपनीच्या प्रयोगशाळेंत डेव्हिड जॅक नांवाचे एक स्कॉटिश गृहस्थ काम करीत. कोळशाच्या खाणींत राबणाऱ्याचे ते चिरंजीव. तोंवर असें ठरलें होतें कीं, ॲड्रेनॅलिन हें किल्लीसारखें असून शरीरांत त्याचीं कुलुपें निरनिराळ्या जातींचीं आहेत. हृदयावर मुख्यतः एका जातीचीं, श्वासनलिकांच्या स्नायूंवर दुसऱ्या. जॅक यांच्या मंडळीनें किल्लीचे दांते असे घांसले कीं, ती मुख्यतः श्वासनलिकांचीं कुलुपें उघडी. शिवाय जुन्या औषधाला शरीरांतलें विकर जेथें तोडी, ती जागाहि त्यांनीं बदलून टाकली. हें साल्ब्युटामॉल. तें १९६९ सालीं विक्रीस आलें. गुण चार ते सहा तास टिके, आणि हृदयाची धडधड पुष्कळ कमी झाली. १९७२ सालीं याच प्रयोगशाळेनें श्वासावाटें घ्यावयाचें बेक्लोमेथासोन हें स्टेरॉइड आणलें. तें ताबडतोब कांहींच करीत नाहीं. पण रोज घेतलें तर नलिकांची सूज उतरवितें. एक औषध दार उघडणारें, दुसरें दाराची फुगलेली चौकट सुकविणारें.

हीं औषधें आपल्याकडे आलीं तीं मुंबईच्या वाटेनें. ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ सालीं मुंबईंत 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' ही संस्था काढली. आद्याक्षरें जुळवून तिचेंच नांव सिप्ला झालें. १९७० चा पेटंटचा कायदा १९७२ पासून अमलांत आला. त्यानें औषधी द्रव्यावरचा मक्ता गेला, आणि तें बनविण्याच्या रीतीपुरताच मक्ता उरला. ही व्यवस्था २००५ पर्यंत चालली. निराळ्या रीतीनें तेंच द्रव्य बनविण्याची मोकळीक मिळतांच त्या दशकांत सिप्लानें दम्याचे फवारे देशांत तयार करण्यास आरंभ केला. पुढें कॅप्सूल बसवून तींतली कोरडी भुकटी ओढावयाचीं साधीं, स्वस्त यंत्रें निघालीं. ज्या हातांना दाब आणि श्वास यांचा मेळ घालणें जमत नाहीं, त्या म्हाताऱ्या हातांना तीं फार सोयीचीं पडलीं. सायबाचें म्हणून जें औषध कपाटांत असे, तें लोकलच्या गर्दींत सदऱ्याच्या खिशांत आलें.

इतकें झालें, तरी रात्र उरलीच. दहा वाजतां घेतलेल्या पंपाचा गुण पहांटे चारपर्यंत कसाबसा पोंचणार, आणि अडचणीची वेळ नेमकी तीच. वेअरच्या मंडळीनें साल्ब्युटामॉलच्या किल्लीला मागें एक लांबलचक शेंपूट जोडलें. हें शेंपूट स्निग्ध पदार्थांत रमणारें. तें कुलुपाशेजारच्या पडद्यांत रुतून बसतें, आणि पुढचें टोंक पुन्हां पुन्हां कुलुपाला लागत राहतें. दाव्याला बांधलेलें वासरूं जसें सोडलें तरी गाईपाशींच घोटाळतें, तसाच हा प्रकार. हें साल्मेटेरॉल १९९० सालीं इंग्लंडांत आलें आणि त्याचा गुण बारा तास टिकला. जपानांत शोधलेलें फॉर्मोटेरॉल हें दुसरें औषधहि त्याच सुमारास श्वासावाटें दिलें जाऊं लागलें. त्याला शेंपूट नाहीं. तें पेशींच्या पडद्यांत सांठून राहतें आणि हळूहळू झिरपतें. साल्मेटेरॉलला काम सुरू करावयास पंधरा-वीस मिनिटें लागतात. फॉर्मोटेरॉल दोनतीन मिनिटांतच कामाला लागतें आणि तेंहि बारा तास टिकतें. हा भेद पुढें फार महत्त्वाचा ठरला.

लोक रात्रभर झोंपूं लागले. सबंध रात्र झोंपणें ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे, असें ज्याला वाटेल, त्यानें दम्याच्या रोग्याला विचारून पाहावें. १९९४ सालीं ग्रीनिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, स्टेरॉइडच्या थोड्या मात्रेनें ज्यांचा दमा ताब्यांत येत नाहीं, त्यांना ती मात्रा वाढवून देण्यापेक्षां सोबत साल्मेटेरॉल दिल्यानें अधिक आराम पडतो. १९९७ सालीं पाउवेल्स आणि त्यांचे सहकारी यांनीं ८५२ रोग्यांवर फॉर्मोटेरॉल व ब्युडेसोनाइड यांची वर्षभर परीक्षा केली. तींतूनहि दोहोंच्या जोडीचा लाभ सिद्ध झाला. लक्षांत घ्या, दोन्ही ठिकाणीं औषधें दोन होतीं, एक नव्हे.

परंतु व्यवहारांत हें 'दोन' पुष्कळदां विसरलें गेलें. रोग्याच्या दृष्टीनें पाहा. एक पंप घेतला कीं बारा तास छाती मोकळी. दुसरा घेतला तर लगेच कांहींच कळत नाहीं, वर 'स्टेरॉइड' या नांवाची धास्ती. मग माणूस कोणता टाकील आणि कोणता ठेवील? १९९६ मध्यें अमेरिकेंत साल्मेटेरॉलच्या सुरक्षिततेची एक प्रचंड परीक्षा सुरू झाली. तींत २६,३५५ रोगी होते. अर्ध्यांना नेहमींच्या उपचारांबरोबर साल्मेटेरॉल, अर्ध्यांना त्याच रूपाचें पण औषध नसलेलें द्रव्य. आरंभीं श्वासावाटें स्टेरॉइड घेणारे त्यांत निम्म्याहून कमी होते. २००३ सालीं ही परीक्षा अर्ध्यावरच थांबविण्यांत आली. दम्यानें झालेले मृत्यु साल्मेटेरॉलच्या गटांत तेरा होते आणि दुसऱ्या गटांत तीन. एवढ्या हजारांत तेरा ही संख्या लहान दिसते. परंतु ज्या औषधाकडून जीव वांचावा त्याच्या बाजूला जास्त माणसें मेलीं, ही गोष्ट लहान नव्हे. अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें त्याच वर्षीं या औषधांच्या वेष्टनावर कडक इशारा छापावयास लावला, आणि २०१० सालीं दम्याच्या रोग्यानें तें एकटें घेऊं नयेच, असें बजाविलें.

१९६० नंतरची चूक नव्या रूपानें पुन्हां घडली होती. तेव्हां खोटा भरंवसा अर्ध्या तासाचा होता. आतां तो बारा तासांचा झाला. सूज आंतल्या आंत वाढत असतां छाती मोकळी राहते, आणि धोक्याची घंटा वाजावी ती वाजतच नाहीं. सुश्रुताच्या भाषेंत सांगावयाचें तर टेकू होता, पण तो वाळवी लागलेल्या वाशाला लावलेला होता. वाळवीकडे कोणीं पाहिलें नाहीं, कारण छप्पर पडत नव्हतें.

दुरुस्ती मात्र सोपी निघाली. दोन्ही औषधें एकाच पंपांत भरावयाचीं, म्हणजे एक घेऊन दुसरें टाकण्याची सोयच राहत नाहीं. अशा जोड-पंपांची सरकारनें पुन्हां चार मोठ्या परीक्षांत चाळीस हजारांहून अधिक रोग्यांवर तपासणी करविली. जोडींत दीर्घप्रभावी औषध सुरक्षित ठरलें, आणि २०१७ सालीं जोड-पंपांवरचा तो कडक इशारा काढून घेण्यांत आला. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल यांच्या जोडीला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत स्थान दिलें. २०१९ सालीं 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या संस्थेनें याहून पुढचें पाऊल टाकलें. तरुण आणि प्रौढ रोग्यांनीं केवळ साल्ब्युटामॉलसारख्या तात्काळ आराम देणाऱ्या पंपावर विसंबूं नये, सौम्य दम्यांतहि स्टेरॉइडची जोड हवी, असें तिनें सांगितलें. फॉर्मोटेरॉल चटकन् काम करतें म्हणून त्याचा जोड-पंप झटक्याच्या वेळींहि घेतां येतो. तेव्हां आरामाच्या प्रत्येक श्वासाबरोबर सुजेवरचें औषध आपोआप आंत जातें. माणसाचा विसराळूपणा आणि आळस यांना शिव्या देण्याऐवजीं त्यांना हिशेबांत धरून औषध बनविलें गेलें, हें मला या साऱ्या कथेंतलें खरें शहाणपण वाटतें.

आणि धोत्रा? तोहि परत आला आहे. अॅट्रोपिनच्या रचनेवरून बेतलेलें टायोट्रोपियम हें औषध २००२ च्या सुमारास प्रथम फुफ्फुसांच्या दुसऱ्या एका जुनाट विकारावर प्रचारांत आलें, आणि २०१४ पासून युरोपांत कांहीं हट्टी दम्यांतहि, इतर औषधांच्या जोडीला, दिलें जाऊं लागलें. त्याचा गुण चोवीस तास टिकतो. त्याचा रेणु असा बेतला आहे कीं, तो मेंदूंत सहसा शिरत नाहीं. म्हणून भ्रम नाहीं. धुरानें जें काम बेहिशेबी होई, तें आतां मोजून होतें.

श्रोतेहो, इतकी साधनें असतांना दम्यानें होणाऱ्या जगांतल्या मृत्यूंपैकीं फार मोठा वांटा आपल्या देशाच्या पदरीं पडावा, ही लाजेची गोष्ट आहे. त्याचीं कारणें हवेंत आहेत, दारिद्र्यांत आहेत. पण कांहीं आपल्या बोलण्यांतहि आहेत. 'पंपाची संवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', 'मुलीला पंप आहे हें बाहेर कळूं देऊं नका', अशीं वाक्यें सुशिक्षित घरांतून ऐकूं येतात. वस्तुतः पंपांतली मात्रा गोळीहून कितीतरी कमी असते, आणि संवय लागते ती औषधाची नव्हे, रोगाचीच असते. चष्म्याची संवय लागते म्हणून आपण कोणाला आंधळेपणानें चालावयास सांगत नाहीं.

घरांत दम्याचें माणूस असेल तर डॉक्टरला एवढे दोन प्रश्न अवश्य विचारा. यांतलें नळी मोकळी करणारें औषध कोणतें, आणि सूज उतरविणारें कोणतें? आणि पहिलें महिनाभर पुरावयाचें तें आठच दिवसांत संपूं लागलें, तर पंप चांगला चालला आहे असें न समजतां त्याच दिवशीं दवाखाना गांठा. तो आंकडा म्हणजेच आंतली घंटा होय.

सोनिवलीच्या त्या खिडकींतला दिवा आज पुष्कळ घरांत रात्रभर लागत नाहीं. त्यासाठीं दोन शतकें माणसें खपलीं आहेत, आणि कांहींनीं आपल्या प्राणांनीं चूक दाखवून दिली आहे. बारा तासांचा श्वास आपल्या हातीं आला आहे. तो नुसता उसना आहे कीं खरा कमावलेला, हें त्याच्या जोडीला दुसरें औषध आहे कीं नाहीं, यावर ठरावयाचें आहे.